अष्टमकर मास्तरांची कोरणी

मी एक जुनी कोरणी आहे, लाकडात चित्र कोरणारी. वीतभर अंग, बाभळीची मूठ आणि नखासारखं वळलेलं पातं, एवढाच माझा डौल. मित्रांनो, आता माझ्या अंगावर गंजाचे डाग पडले आहेत आणि मुठीला चीर गेली आहे. पण एके दिवशी कितीतरी घरांचा जीव माझ्या टोकाशी येऊन थांबला होता. ती हकिकत तुम्हाला सांगावी म्हणते. ती माझी कमी आणि माझ्या मालकांची जास्त आहे.

त्यांचं नाव हस्केल अष्टमकर. रोह्याजवळच्या अष्टमी गावावरून त्यांचं आडनाव पडलं. त्यांची माणसं बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. पिढ्यान् पिढ्या ती घाण्यावर तेल काढायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून कोकणातली गावं त्यांना शनवार तेली म्हणत. हस्केल मात्र मुंबईला चित्रकला शिकले. एका जाहिरात कंपनीत त्यांनी साबणाची वेष्टनं काढली, केसतेलाच्या बाटलीवरची लांब वेणीची बाई काढली, खोकल्याच्या औषधाची लेबलं काढली. त्यांचे भाऊबहीण एकेक करून इस्रायलला निघून गेले. "तूही चल," असा सगळ्यांचा आग्रह. ते हसून म्हणत, "अरे, मला चित्रंसुद्धा मराठीतच सुचतात. तिकडे जाऊन काय काढू?"

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा ते एका सेवाभावी संस्थेबरोबर आमच्या भागात आले. तुळजापूर तालुक्यात, जळकोटच्या पलीकडे, डांबरी सडक सोडून आत एक वाडी आहे. तिथं शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायटीच्या गोदामाला लागून एक खोली होती. त्या खोलीत ते आठवडाभर राहणार होते. पण आठवडा संपला तरी त्यांनी पिशवी भरली नाही. दिवसभर तलावाच्या दुष्काळी कामावर जायचं, खडी फोडणाऱ्या बाया आणि टँकरभोवतीची झोंबाझोंबी कागदावर उतरवायची, मग खोलीवर येऊन तेच चित्र लाकडाच्या फळीवर कोरायचं. कोरलेल्या फळीवर शाईचा रूळ फिरवला आणि वर कागद दाबला की चित्र उमटायचं. वाडीतले लोक त्यांना मास्तर म्हणू लागले. शिकवत कुणालाच नव्हते, पण शहाण्या माणसाला दुसरं काय म्हणायचं?

उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांची मुंबईची कोरणी बाभळीच्या गाठीत अडकून मोडली. ते तुकडे घेऊन ते गोरोबा लोहाराच्या भट्टीवर गेले.

"ह्ये कशाचं हत्यार म्हणायचं, मास्तर?" गोरोबानं तुकडे उलटसुलट करून पाहिले. "खुरप्याचं न्हाय, रंध्याचं न्हाय."

"चित्र कोरायचं."

"अशा काळात चित्रं?" गोरोबा हसला. "चित्रानं प्वाट भरतंय व्हय?"

"नाही भरत," मास्तर म्हणाले. "पण मला दुसरं काही येत नाही."

गोरोबाला ते उत्तर पटलं असावं. त्यानं एका भंगार ट्रकच्या कमानीचा पाटा शोधला, तोडला, तापवला, ठोकला. अशी मी जन्मले. हत्याराला शेवटी पाणी पाजावं लागतं, नाहीतर धार टिकत नाही. त्या दिवशी वाडीत टँकर आला नव्हता. गोरोबानं पिण्यासाठी ठेवलेला तांब्या उचलला, क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि मला त्यात बुडवलं. मी चर्रकन वाफ सोडली. माझ्या अंगात कुणाची तरी तहान मुरली आहे, हे मी कधी विसरले नाही.

मास्तरांनी माझ्याकडून पहिलं चित्र कोरून घेतलं ते बनाबाईंचं. बनाबाई बौद्ध वस्तीतल्या, चाळिशी उलटलेल्या, खडीच्या कामावरच्या बायांच्या टोळीला पुढं होऊन सांभाळणाऱ्या. छापलेला कागद हातात घेऊन त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"काय दिसतं?" मास्तरांनी विचारलं.

"बाई दिसती. पर लई रागात हाय. म्या येवढी रागीट हाय व्हय?"

"हातोडा मारताना असता."

"मग बराबर हाय," बनाबाई म्हणाल्या आणि कागद डोईवरच्या चुंबळीत खोचून निघाल्या.

शनिवारी मला सुट्टी असे. शुक्रवारी दिवस मावळायच्या आधी मास्तर मला तेलाच्या फडक्यात गुंडाळत, दिवे लावत आणि डोक्याला रुमाल बांधून हलक्या आवाजात प्रार्थना म्हणत. शनिवारी त्यांच्या धर्मात कामाला हात लावायचा नसतो. वाडीला ते ठाऊक झालं होतं. "आज शनवार, मास्तर चूल बी पेटवत न्हाईत," असं म्हणत शेजारची कुणीतरी बाई भाकरी आणून ठेवायची.

त्र्याहत्तरचा मे महिना संपत आला होता. एका शुक्रवारी सोसायटीत संकरित ज्वारीचं बी आलं आणि सभासदांची झुंबड उडाली. गोदाम राखणारा बब्रुवान पोत्यांची तोंडं सोडून मापानं बी ओतू लागला, कुणाच्या धोतराच्या सोग्यात, कुणाच्या पदरात. पोत्याच्या तोंडाशी एक इंग्रजी चिठ्ठी शिवलेली होती. ती सुतळीबरोबर गोदामातच पडली. त्या चिठ्ठीत लिहिलं होतं की ह्या दाण्याला विषारी औषध चोळलं आहे, हा फक्त पेरायचा, खायचा नाही. ओळखू यावा म्हणून दाण्याला तांबडा रंगही दिला होता.

पण मित्रांनो, त्या वर्षी तांबड्या दाण्याची ओळख वेगळीच होती. रेशनच्या दुकानात परदेशातून आलेली मिलो ज्वारी मिळायची, तीही तांबडीच. तीच दळायची, तीच थापायची. तांबडा दाणा दिसला की लोकांना भाकरी दिसायची.

शनिवारी सकाळी बनाबाईंनी दारावर थापा मारल्या. मी फडक्यात गुंडाळलेली होते, तरी त्या थापांनी माझं पातं थरथरलं.

"मास्तर, दार उघडा! देवळामागची इरम्मा गेली!"

मास्तरांनी दार उघडलं. बनाबाईंच्या मागं बब्रुवान उभा होता, एका हातात सायकल, घामानं निथळलेला. तो जळकोटच्या दवाखान्यातून आला होता.

"तिनं काल बियाचंच दळण दळलं," तो म्हणाला. "भाकरी करून पोराला वाढली, सोता खाल्ली. पोराला बैलगाडीत घालून न्हेलंय. हातपाय नुसते थडथड उडत्यात. डाक्टर म्हणला, बियाचं औषध प्वाटात गेलंय. म्हणला, हितं थांबू नको, पळ, बाकीच्यास्नी सांग." त्यानं सायकल तशीच भुईवर सोडली. "मास्तर, म्या माझ्या हातानं मापून दिलं हो."

"बी कुठं कुठं गेलंय?"

"समद्या वाड्यांवर. पार नळदुर्गाच्या अंगाच्या वस्त्यांवर."

"दवंडी दिली?"

"दिली की," बनाबाई म्हणाल्या. "लोक म्हणत्यात, सोसायटीला बी परत पायजे म्हणून इषाची हूल उठवलीय. अन् गडी-बाया समदे खडीवर. घरी म्हाताऱ्या अन् लेकरं. कानानं ऐकल्यालं सांजच्यापतुर कुणाच्या ध्यानात ऱ्हातंय? बी तर पेरणीपतुर घरातच हाय. आज तुमचा शनवार हाय, मला ठाव हाय. पर चित्र भितीवर ऱ्हातंय, मास्तर."

मास्तर माझ्या फडक्याकडे पाहत उभे राहिले. बनाबाईंना वाटलं, ते नाही म्हणणार. त्या माघारी वळल्यासुद्धा.

"थांबा," मास्तर म्हणाले. "माझे वडील सांगायचे, कुणाचा जीव जात असेल तर शनिवार मोडायची नुसती मुभा नाही, आज्ञा आहे." आणि त्यांनी फडकं सोडलं.

खोलीत कोरायजोगी एकच फळी उरली होती, भिंतीतल्या मांडणीची. त्यांनी ती उपसून काढली. त्यावर कोळशानं मोठी गोल भाकरी काढली आणि भाकरीवर तिरपी फुली. हे खाऊ नका, हे सांगायला याहून सोपं चित्र कोणतं? मी कामाला लागले. लाकूड कोरडं होतं, चिपा उडत होत्या. मास्तरांच्या कपाळाचा घाम माझ्या मुठीवरून फळीवर पडत होता. भाकरी झाली, फुली झाली, शाई लागली, पहिला छाप निघाला. बब्रुवान तो घेऊन सायकलीकडे धावायच्या तयारीत होता.

"थांब," मास्तर म्हणाले. "बनाबाई, काय दिसतं?"

बनाबाईंबरोबर आता आणखी काही बाया दारात जमल्या होत्या. सगळ्यांनी पाहिलं.

"भाकर," बनाबाई म्हणाल्या.

"आणि?"

"तिच्यावर फुली."

"म्हणजे काय करायचं?"

"खायाची."

मास्तरांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "खायची? फुली मारलीय ना?"

"म्हणून तर. मागच्या साली मतं झाली तवा फटफटीवर भोंगा बांधून वरडत व्हते, फुली मारा, फुली मारा. आपल्याला जे पायजे त्याच्यावर फुली मारायची. व्हय का न्हाय गं?"

बायांनी माना हलवल्या. त्यातली एक म्हणाली, "सोसायटी भाकर वाटणार हाय, आसंच वाटतंय."

वर्षानुवर्षं मास्तरांनी चित्रं काढली होती, साबण खपवले होते, तेल खपवलं होतं. आता त्यांचं चित्र त्या वाड्यांवर गेलं असतं तर लोकांनी विष खुशीनं दळलं असतं. आणि फळी वाया गेली होती, तिची मागची बाजू वाळवीनं पोखरलेली. लाकडी ठशाला पुसायची सोय नसते. फुली कोरून काढली असती तर काळ्या फुलीची पांढरी फुली झाली असती, एवढंच. बाहेर ऊन चढत होतं. वाड्यांवर दुपारच्या भाकरी थापायची वेळ जवळ येत होती.

मास्तर खाली बसले. डोकं दोन्ही हातांत धरलं. मग एकदम त्यांनी बब्रुवानाला विचारलं, "इरम्माच्या घरी काहीतरी बिघडलंय, हे सगळ्यांत आधी कशावरून कळलं?"

"कोंबड्यांवरनं," बब्रुवान म्हणाला. "जात्याभवती सांडल्यालं दाणं टिपलं त्यांनी. तांबडं फुटलं तवा समद्या उताण्या, पाय वर करून."

मास्तरांनी कोळसा उचलला आणि खोलीच्या शेणानं सारवलेल्या जमिनीवरच चित्र काढायला सुरुवात केली. वर बैलजोडी, मागं चाड्यावर, म्हणजे पेरणीच्या नळ्यांच्या तोंडावर, धरलेली मूठ, मुठीतून तासात पडणारे दाणे. खाली जातं, जात्याभोवती तेच दाणे, आणि त्यांच्यात एक कोंबडी, पाठीवर पडलेली, चोच उघडी, पाय आभाळाकडे.

"काय दिसतं?"

"वर पेरणी चाललीय," मघाची बाई म्हणाली.

"खाली?"

"कोंबडी मेली."

"कशानं?"

"जात्यातलं दाणं खाल्लं तिनं." बोलता बोलता त्या बाईनं तोंडावर पदर घेतला. तिच्या घरी अर्धं बी पाखडून ठेवलेलं होतं. ती तशीच मागं फिरली आणि पळत सुटली.

बनाबाई अजून चित्राकडेच पाहत होत्या. "पेरा, दळू नगा," त्या सावकाश म्हणाल्या. "आसं म्हणतंय ह्ये."

मास्तरांनी डोळे मिटून श्वास सोडला. "हेच म्हणतंय. आता लाकूड आणा. काहीही. सपाट असलं म्हणजे झालं."

त्या दुष्काळात लाकूड कुठून येणार? जळेल ते सगळं जळून गेलं होतं. बनाबाई घरी गेल्या आणि काखेत आपली काठवट घेऊन आल्या. भाकरीचं पीठ मळायची लाकडी काठवट, सासूच्या वेळची, हाताळून गुळगुळीत झालेली. त्यांनी ती मास्तरांपुढं पालथी घातली. खालची बाजू सपाट होती.

"बनाबाई, हिला शाई लागली की पीठ कशात मळाल?"

"खाणारी ऱ्हायली तर दगडावर बी मळंन. कोरा तुम्ही."

मी आयुष्यात पुष्कळ लाकूड कोरलं, पण त्या काठवटीसारखं चिवट लाकूड मला पुन्हा भेटलं नाही. माझी धार सारखी बोथट व्हायची. गोरोबा लोहार उंबऱ्यात दगड घेऊन बसला होता. मास्तर मला त्याच्याकडे फेकत, तो घासून परत देई. बैल झाले. जातं झालं. कोंबडीचे पाय कोरताना नेमकी लाकडात गाठ आली. पाय मोडला तर कोंबडी नुसती निजल्यासारखी दिसली असती, मेल्यासारखी नाही. मास्तरांनी श्वास रोखला. मी गाठीवर चढले, घसरले आणि त्यांच्या डाव्या हाताच्या बोटात घुसले. रक्त आलं. त्यांनी बोट तोंडात धरलं आणि एका हातानं मला गाठीच्या कडेकडेनं, केसागणिक, पुढं सरकवलं. पाय शाबूत राहिला.

कागद गोदामातच होता. निवडणुकीतली उरलेली पत्रकं, मागची बाजू कोरी. बनाबाई कागद दाबायच्या, एक बाई पळीच्या पाठीनं घोटायची, दुसरी उचलून बाजूला ठेवायची.

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. सोसायटीचे चेअरमन आण्णासाहेब आत आले. माणूस वाईट नव्हता. पदरमोड करून त्यांनी ही सोसायटी उभी केली होती, आणि बी वेळेवर मिळावं म्हणून जिल्ह्याला खेटे घातले होते. त्यांनी एक कागद पाहिला आणि त्यांच्या कपाळाची शीर उठली.

"मास्तर, ह्यो काय उद्योग लावलाय?"

"इरम्मा गेली, आण्णासाहेब."

"उन्हानं बी माणसं मरायलीत. डाक्टरचा कागद येऊ द्या की." त्यांनी आवाज खाली आणला. "ह्ये दारोदार लागलं तर उद्या कोण बी पेरंल? लोक बी फेकून देतील. पेरणी हुकली तर माणसं इषानं न्हाय, भुकेनं मरतील. त्याचा इचार केला का तुम्ही?"

"केला. म्हणूनच वर पेरणी काढलीय. बी वाईट आहे असं हे चित्र म्हणत नाही."

"चित्र काय म्हणतंय ते मला शिकवू नका. छापणं बंद. सोमवारी बैठक घेऊ, मग बघू." आणि त्यांनी काठवट उचलली. ओल्या शाईनं त्यांची बोटं काळी झाली. गोरोबा उठून उभा राहिला. मास्तर म्हणाले, "आण्णासाहेब, ती खाली ठेवा." ते कधी इतक्या हळू बोलले नव्हते.

"आण्णा," बनाबाईंनी मान वर न करता विचारलं, "तुमच्या शेतावरचा सालगडी श्रीपती. त्याच्या बायकूनं बी काल बियाणं न्हेलंय. ठाव हाय का तुमाला?"

"बनाबाई, तू गप ऱ्हा."

"म्या गप ऱ्हाते. पर तुमची नात दिसभर तिच्याच चुलीम्होरं खेळती. तिनं वाढल्यालं खाती."

आण्णासाहेबांनी काठवट, एखादं तान्हं मूल ठेवावं तशी, खाली ठेवली. वरचा ओला कागद उचलून छातीशी धरला आणि ते जीपकडे धावले. "बब्रुवान, बाकीचं घे! बायांनो, बसा जीपमधी, ज्येच्या त्येच्या वाडीवर सोडतो!"

पुढचं मी पाहिलं नाही, बनाबाईंनी नंतर सांगितलं ते सांगते. जीप आधी आण्णासाहेबांच्या शेतावर गेली. श्रीपतीच्या बायकोनं भाकरी थापून तव्यावर टाकली होती, आणि नात ताटली घेऊन समोर बसली होती. आण्णासाहेबांनी नुसता कागद पुढं केला. ती बाई चित्राकडे बघत राहिली, मग तिनं तवा उचलून चुलीबाहेर उपडा केला. आण्णासाहेबांनी नातीला उचलून घेतलं. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, छातीच्या मधोमध, मेलेली कोंबडी उमटली होती. तोच सदरा घालून ते दिवस मावळेपर्यंत वाड्यावाड्यांवर फिरले. लोकांनी म्हणे कागदापेक्षा तो सदराच जास्त वाचला.

त्यानंतर कुणी दगावलं नाही. इरम्माचा पोरगा वाचला, पण त्याचे हात कायमचे थरथरत राहिले. चहाची बशी तोंडाला लावताना त्याचा निम्मा चहा सांडायचा, आणि मास्तर दर वेळी नजर दुसरीकडे वळवायचे. बी मात्र लोकांनी जपून ठेवलं आणि पेरलं.

पुढं माझं कौतुक झालं. मुंबईत मास्तरांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. कोंबडीचं चित्र काचेत बसवलं होतं. लोक रेषेची ताकद वाखाणत होते, काळ्या-पांढऱ्याचा तोल वाखाणत होते. ज्वारी कसली, कोंबडी का मेली, हे कुणी विचारलं नाही. मास्तर परत आले आणि पुन्हा मुंबईला काम मागायला गेले नाहीत. दूध सोसायटीचा ठसा, तेल सोसायटीचं लेबल, तेरखेड्याला फटाके बनवणाऱ्यांच्या खोक्यांवरची धोक्याची चित्रं, असं सगळं आम्ही दोघांनी केलं. कोरण्याआधी ते चित्र घेऊन कामावरच्या माणसांत बसत आणि एकच प्रश्न विचारत. उत्तर चुकलं की माणसाला दोष देत नसत, चित्र फाडत.

मग दिवस पालटले. छपाईची नवी यंत्रं आली, रंगीत लेबलं शहरातून तयार होऊन येऊ लागली. मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मी फडक्यातून आठ-आठ दिवस बाहेर निघेना. शेवटी ठाण्याहून त्यांचा पुतण्या त्यांना न्यायला आला. जळकोटच्या फाट्यावर एस.टी.ची वाट पाहताना मास्तरांनी मला बनाबाईंच्या हातात दिलं.

"म्या काय करू हिचं? मला कुठं कोरता येतंय?"

"नुसती धार ठेवा," मास्तर म्हणाले. "धार गेली की तिचा खिळा होईल."

एस.टी. आली, धूळ उडाली, मास्तर गेले. दोन उन्हाळ्यांनी ते गेल्याची बातमी आली. बनाबाई त्या दिवशी कामावर गेल्या नाहीत. योगायोगानं तो शनिवारच होता.

त्या मला दर सणाला दगडावर घासायच्या. घरातली पोरं माझ्या पात्यानं पोत्यांचे टाके उसवायची, सायकलीचा चिखल खरवडायची. असंच माझं आयुष्य सरणार, असं मला वाटू लागलं होतं.

सत्त्याऐंशी साल, पुन्हा दुष्काळी वर्ष. सोसायटीत कल्याणप्पा नावाचे नवे सेक्रेटरी आले होते. बनाबाई गोडेतेल आणायला गेल्या, तर गोदामात तेलाच्या डब्यांशेजारीच एक लाकडी कपाट, त्यात तसेच पत्र्याचे डबे.

"ह्यात काय हाय, कल्याणप्पा?"

"फवारणीचं औषध आहे, आजी. जहाल आहे."

"कळावं कसं?"

"दारावर लिहिलंय की मोठ्या अक्षरांत."

"मला वाचता येत न्हाय."

कल्याणप्पांनी दाराकडे पाहिलं, मग रांगेतल्या बायांकडे. "मग काय करू या?"

बनाबाईंनी कनवटीतून मला काढलं. त्या कपाटाच्या दारापुढं बसल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं टोक लाकडाला लावलं. दार हलत होतं, तर कल्याणप्पांनी दोन्ही हातांनी धरून ठेवलं. बनाबाईंचा हात मास्तरांसारखा नव्हता. मी घसरत होते, रेघा वाकड्या जात होत्या. एक माणूस आडवा झोपलेला. त्याच्या उशाशी एक बाई, डोक्याला हात लावून बसलेली. एवढंच.

रांगेत एक तरणी बाई लेकरू कडेवर घेऊन उभी होती. बनाबाईंनी तिला काहीच विचारलं नाही. ती दाराकडे बघत राहिली. मग तिनं लेकराचं तोंड आपल्या खांद्यात दडवलं आणि दोन पावलं मागं सरली.

मित्रांनो, हत्यार पडून राहिलं की मरतं, म्हणून घरातल्या जुन्या हत्याराला अधूनमधून दगड दाखवा, तेलाचं बोट लावा. आणि आणखी एक मागणं आहे. कुणी चित्र तुमच्यापुढं धरून "काय दिसतं?" असं विचारलं, तर त्याला बरं वाटावं म्हणून मान डोलावू नका. तुम्हाला दिसेल तेच सांगा. कदाचित दुसरं लाकूड शोधायला त्याच्यापाशी अजून वेळ असेल.